मोटार बंद, दुकान चालू : बोल्डरच्या पर्ल स्ट्रीटचा हिशेब

पेठेतल्या रस्त्यावर वाहनबंदी येणार, अशी नुसती कुणकुण लागली तरी व्यापाऱ्यांची झोप उडते. गाडीवाले गिऱ्हाईक तुटेल, माल उतरवायचा कोठे, लग्नसराईची खरेदी दुसऱ्या बाजारात जाईल, अशी चर्चा सुरू होते. निवेदने दिली जातात, प्रसंगी बंदही पाळला जातो. ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. ज्याने पागडी भरून दुकान घेतले आहे आणि ज्याच्या डोक्यावर उधारीचा माल आहे, त्याला दुसऱ्याच्या प्रयोगाचा खर्च सोसत नाही. मात्र नुसत्या भीतीवर भांडण लढता येते, धंदा चालवता येत नाही. त्यासाठी हिशेब लागतो. म्हणून आज आम्ही अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या गावाची हकीगत देत आहोत. तेथील भर बाजारातला रस्ता १९७७ सालापासून मोटारींना बंद आहे आणि दुकाने चालू आहेत. हे कसे जमले, कोणाच्या खिशातून जमले आणि त्यात कोणाचे नुकसान झाले, हे तिन्ही प्रश्न आम्हाला सारखेच महत्त्वाचे वाटतात.

गावाची ओळख

कोलोरॅडो राज्यात रॉकी पर्वताच्या पायथ्याशी बोल्डर नावाचे शहर वसले आहे. डेन्व्हर या राजधानीपासून ते सुमारे ४५ किलोमीटरवर आहे. २०२० च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १ लाख ८ हजारांच्या आसपास होती. कोलोरॅडो विद्यापीठ येथे १८७६ साली स्थापन झाले. आज त्याच्या बोल्डर येथील विद्यार्थ्यांची संख्या ३५ हजारांहून अधिक आहे. ज्या गावाचा सारा दिनक्रम विद्यापीठाभोवती फिरतो, त्याला अमेरिकेत ‘कॉलेज टाउन’ म्हणतात. बोल्डर त्यातलेच. सत्र सुरू झाले की खाणावळी, वह्या-पुस्तके, कपडे, सायकली, भाड्याच्या खोल्या या सर्व धंद्यांना भरती येते. सुट्टी लागली की ओहोटी.

विद्यापीठाचे आवार गावाला लागूनच आहे. तेथून जुन्या बाजारपेठेत, म्हणजे पर्ल स्ट्रीटवर, चालत वीस-पंचवीस मिनिटांत पोहोचता येते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढच्या साऱ्या हकिगतीची किल्ली तिच्यातच आहे.

बाजाराला लागलेली गळती

पर्ल स्ट्रीट ही गावातली सर्वांत जुनी पेठ. विटांच्या जुन्या इमारती, खाली दुकान आणि वर कचेरी किंवा बिऱ्हाड, अशी तिची रचना. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरोघरी मोटार आली आणि अशा पेठांचे दिवस फिरले. बोल्डरमध्ये १९६३ साली पूर्वेच्या बाजूला ‘क्रॉसरोड्स’ नावाचे मोठे खरेदी केंद्र उघडले. भोवती मोटारी उभ्या करायला अफाट मोकळी जागा, तीही फुकट. गिऱ्हाईक तिकडे वळले. जुन्या पेठेतल्या व्यापाऱ्यांना गाडीसाठी तेवढी जागा देणे शक्यच नव्हते. द्यायची तर इमारती पाडाव्या लागल्या असत्या, आणि इमारती पाडल्यावर पेठ तरी कोठली उरणार?

अमेरिकेतल्या अनेक गावांनी नेमके तेच केले. जुनी दुकाने पाडून गाड्यांचे तळ केले, आणि गाडी उभी करून जायचे तरी कोणत्या दुकानात, असा प्रश्न गिऱ्हाइकापुढे उभा राहिला. बोल्डरने दुसरी वाट धरली. फुकट पार्किंगच्या शर्यतीत खरेदी केंद्राशी आपण जिंकू शकत नाही. तेव्हा जे त्याच्याकडे नाही ते आपण द्यावे, असा तो विचार होता. सावली, बाके, चालायला निर्धास्त जागा, आणि एका दुकानातून निघून दुसऱ्यात शिरताना मध्ये गाडीची आडकाठी नाही, हे ते देणे.

रस्ता बंद कसा केला

११ व्या रस्त्यापासून १५ व्या रस्त्यापर्यंतचा पर्ल स्ट्रीटचा भाग मोटारींना बंद करून तेथे विटांची फरसबंदी केली गेली. वास्तुरचनाकार कार्ल वर्दिंग्टन यांच्या आराखड्यानुसार हे काम झाले. ऑगस्ट १९७७ मध्ये रस्ता लोकांसाठी खुला झाला. त्याची लांबी अर्ध्या किलोमीटरच्याही आत आहे. सबंध पेठ बंद केली नाही, हा त्यातला पहिला शहाणपणा. ब्रॉडवेसारखा हमरस्ता या पादचारी रस्त्याला आडवा छेद देऊन जातो आणि तो मोटारींना खुलाच राहिला. दुकानांच्या मागून गल्ल्या जातात. मालाच्या गाड्या मागच्या दाराला लागतात आणि गिऱ्हाईक पुढच्या दाराने येते. ज्या पेठेत मागची गल्ली नाही, तेथे माल उतरवण्याच्या वेळा आधी ठरवल्याशिवाय असा बेत करणे धोक्याचे आहे, हे आमचे स्पष्ट मत आहे.

तरीही नुसत्या फरसबंदीने हे यश आले, असे कोणी समजू नये. उलट उदाहरणे कितीतरी आहेत.

इतर गावांत का फसले

अमेरिकेत मध्यवस्तीतील रस्ता कायमचा पादचाऱ्यांना देण्याची सुरुवात मिशिगन राज्यातील कलामाझू गावाने ऑगस्ट १९५९ मध्ये केली. त्याचे पाहून पुढील पंचवीसेक वर्षांत सुमारे २०० गावांनी असे रस्ते केले. त्यांतले बहुतेक पुढे मोटारींना पुन्हा खुले करावे लागले. खुद्द कलामाझूने १९९८ साली आपल्या रस्त्यावर गाड्या परत आणल्या. कॅलिफोर्नियातील फ्रेझ्नो शहराने १९६४ साली मोठ्या थाटात, कारंजी आणि शिल्पे बसवून, फुल्टन मॉल हा पादचारी रस्ता केला होता. दुकाने एकेक करून ओस पडली आणि २०१७ साली तोही वाहनांना खुला झाला.

मग टिकले कोणते? बोल्डरचा पर्ल स्ट्रीट, व्हर्जिनियातील शार्लट्सव्हिलचा १९७६ चा मॉल, व्हरमाँटमधील बर्लिंग्टनचा १९८१ चा चर्च स्ट्रीट. ही सारी विद्यापीठांची गावे आहेत. हा योगायोग नव्हे. ज्या गावात हजारो तरुण माणसे गाडीवाचून राहतात, तेथे रस्त्यावर पावले आधीच असतात. रस्ता बंद केल्याने ती निर्माण होत नाहीत. जी आहेत ती दुकानासमोर रेंगाळतात, एवढेच. फ्रेझ्नोमध्येही विद्यापीठ आहे, पण त्याचे आवार १९५० च्या दशकात शहराच्या ईशान्य टोकाला हलले. तेथला विद्यार्थी सहज पायी फुल्टन मॉलवर यावा, अशी सोयच राहिली नाही. कलामाझूतही विद्यापीठ आहे. तेव्हा गावात विद्यापीठ असणे पुरेसे नाही. विद्यापीठ आणि पेठ यांच्यामधली वाट चालण्याजोगी असली पाहिजे आणि पेठेच्या आसपास माणसे राहत असली पाहिजेत.

बोल्डरने हे कसे सांभाळले? १९६७ साली तेथील मतदारांनी विक्रीकरात डॉलरमागे ०.४ सेंटची वाढ स्वतःहून मंजूर केली. त्या पैशातून शहराभोवतीची मोकळी जमीन विकत घ्यायला सुरुवात झाली. आज असा ४५ हजार एकरांहून मोठा हिरवा पट्टा शहराच्या मालकीचा किंवा देखरेखीखाली आहे. त्यामुळे गाव चहूकडे पसरले नाही. घरे, विद्यापीठ आणि बाजार एकमेकांच्या जवळ राहिले. १९८० च्या दशकात बोल्डर क्रीक या ओढ्याच्या काठाने चालण्या-सायकलींची वाट झाली. ती हमरस्त्यांच्या खालून बोगद्याने जाते. आज शहरात असे सुमारे ८० भुयारी मार्ग आहेत. ब्रॉडवे या हमरस्त्यामुळे विद्यापीठाचे आवार आणि समोरची ‘हिल’ नावाची विद्यार्थ्यांची पेठ यांची फाळणी झाली होती. तेथेही असे भुयारी मार्ग काढले गेले. वर गाड्या धावतात आणि खालून विद्यार्थी न थांबता पलीकडे जातात.

पार्किंगचा खर्च कोणी केला

व्यापाऱ्यांच्या दृष्टीने हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. रस्ता बंद होण्याच्या सात वर्षे आधी, १९७० साली, बोल्डरच्या मध्यवस्तीत एक सुधारणा मंडळ स्थापन झाले. या हद्दीतल्या मालमत्तांवर थोडा जादा कर बसवला गेला. त्या पैशातून आणि पार्किंगच्या शुल्कातून सर्वांसाठी सामाईक बहुमजली वाहनतळ बांधले गेले. त्या बदल्यात, हद्दीतल्या दुकानदाराला स्वतःच्या जागेत गाड्यांसाठी जागा सोडण्याची सक्ती उरली नाही. अमेरिकेतील बहुतेक गावांत नवे दुकान काढायचे तर अमुक चौरस फुटांमागे तमुक गाड्यांची जागा दाखवावी लागे. लहान दुकानदाराला ते कसे जमावे? सामाईक वाहनतळाने त्याची सुटका केली. २०२५ साली तर बोल्डरने ही सक्ती सबंध शहरातूनच काढून टाकली.

सामाईक तळाचा फायदा साध्या उदाहरणाने समजेल. समजा, एका रस्त्यावर पुस्तकाचे दुकान, कचेरी आणि खाणावळ शेजारी शेजारी आहेत. प्रत्येकाने आपापल्या १० गाड्यांची जागा ठेवली तर ३० जागा लागतील. पण कचेरीची गर्दी सकाळची, पुस्तकाच्या दुकानाची दुपारनंतरची आणि खाणावळीची रात्रीची. तिघांनी मिळून १५ जागा ठेवल्या तरी निभावून जाईल. उरलेल्या १५ जागांवर दुकान उभे राहू शकते आणि त्याचे भाडेही येते.

दुसरी गोष्ट थोडी झोंबणारी आहे. दुकानासमोरची जागा अडवतो कोण? पुष्कळदा गिऱ्हाईक नव्हे, तर स्वतः मालक आणि त्याचे नोकर. सकाळी नऊला लावलेली गाडी संध्याकाळी निघते. त्याच जागेवर अर्ध्या-अर्ध्या तासाने गाडी बदलली असती तर दिवसाकाठी पंधरा-वीस गिऱ्हाइके येऊन गेली असती. बोल्डरच्या सुधारणा मंडळाने हा मुद्दा अचूक पकडला. १९९० च्या दशकाच्या आरंभापासून पार्किंगच्या उत्पन्नातून मध्यवस्तीतल्या कायम कामगारांना बसचा वार्षिक पास, ज्याला तेथे ‘इको पास’ म्हणतात, देण्यास सुरुवात झाली. दुकानातला विक्रेता, खाणावळीतला वाढपी, कचेरीतला कारकून बसने येऊ लागला, तर त्याची जागा गिऱ्हाइकाला मोकळी होते. नवा मजला बांधण्यापेक्षा पास देणे स्वस्त पडते.

लॉस एंजेलिस येथील विद्यापीठातले प्राध्यापक डोनाल्ड शूप, ज्यांचे २०२५ साली निधन झाले, यांनी २००५ साली या विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : फुकट पार्किंग फुकट नसते. तिचा खर्च मालाच्या किमतीत आणि घराच्या भाड्यात मुरलेला असतो आणि तो पायी येणाऱ्यालाही भरावा लागतो. म्हणून जागेला योग्य शुल्क लावावे आणि ते पैसे त्याच पेठेवर खर्च करावेत. या दुसऱ्या अर्ध्यावर आम्ही विशेष भर देऊ. शुल्क पेठेतून वसूल व्हायचे आणि पैसा मात्र दुसरीकडे जायचा, असे झाले तर व्यापाऱ्याने त्याला विरोध करणे योग्यच आहे.

विद्यार्थ्यांनी स्वतःवर बसवलेले शुल्क

विद्यापीठाच्या आवारातही गाड्यांचा प्रश्न होताच. ३५ हजार विद्यार्थी आणि हजारो कर्मचारी यांतल्या प्रत्येकाने गाडी आणली तर वर्गखोल्या पाडून वाहनतळच बांधावे लागतील. आवारात गाडी ठेवण्यासाठी परवाना काढावा लागतो आणि त्याला पैसे पडतात. पण नुसत्या दंड-परवान्याने माणूस बसकडे वळत नाही. १९९१ साली विद्यार्थ्यांनी मतदान करून निर्णय घेतला की प्रत्येकाने सत्राच्या शुल्कात थोडी भर घालावी आणि त्या मोबदल्यात सर्वांना बसचा पास मिळावा. शुल्क सर्व जण भरतात म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला थोडेच येते. पास खिशात असल्यावर बस आपोआप वापरली जाते.

पण बस वेळेवर यायला हवी. १९९४ साली शहराने ‘हॉप’ नावाची लहान गाड्यांची सेवा सुरू केली. विद्यापीठ, पर्ल स्ट्रीट आणि क्रॉसरोड्सचा परिसर यांना ती जोडत असे. बस थोड्या थोड्या मिनिटांनी येत असल्याने वेळापत्रक पाहायची गरज उरली नाही. पुढे ‘स्किप’, ‘जंप’ अशा नावांच्या आणखी सेवा निघाल्या. पर्ल स्ट्रीटच्या दुकानदाराला याचा अर्थ एवढाच की तासिका संपवून निघालेला विद्यार्थी थोड्याच वेळात त्याच्या दारात हजर.

आणि क्रॉसरोड्सचे काय झाले? ज्या खरेदी केंद्राने पेठेचे गिऱ्हाईक पळवले होते, ते पुढे स्वतःच ओस पडले. २००० नंतरच्या काही वर्षांत ते बहुतेक पाडले गेले. २००६ साली त्या जागी ‘ट्वेंटी नाइन्थ स्ट्रीट’ नावाचा नवा बाजार उघडला. तो बंद छपराखाली नसून उघड्या रस्त्यासारखा बांधलेला आहे!

कारागिरांना जागा

मोटार गेल्यावर मोकळी झालेली जागा कोणाला मिळाली, हे कारागीर वाचकांनी अवश्य पाहावे. पर्ल स्ट्रीटवर ठरावीक संख्येने हातगाड्यांना परवाने दिले जातात. संध्याकाळी गाणारे, जादूगार, कसरतपटू आपली कला दाखवतात, आणि त्यांच्याभोवती जमलेली गर्दी पुढे दुकानांत शिरते. १९७१ साली स्थापन झालेली हस्तकलाकारांची एक सहकारी संस्था याच रस्त्यावर आपले दुकान चालवत आली आहे. मातीची भांडी, दागिने, काचकाम, विणकाम करणारे कारागीर स्वतःच तिचे मालक आहेत. मध्ये दलाल नाही. अशी वस्तू कोणी धावत्या गाडीतून पाहून घेत नाही. ती हातात घेऊन, फिरवून पाहावी लागते. म्हणजे हस्तकलेचे गिऱ्हाईक मुळात पायी चालणारेच असते.

आणखी एक नमुना आमच्या वाचकांना जवळचा वाटेल. पर्ल स्ट्रीटपासून थोड्याच अंतरावर, १३ व्या रस्त्यावर, ताजिकिस्तानी पद्धतीचा एक चहाखाना आहे. दुशान्बे हे बोल्डरचे भगिनी शहर. तेथील कारागिरांनी हाताने कोरलेले लाकडी खांब, रंगवलेले छत आणि नक्षीच्या चिनी मातीच्या फरशा त्या शहराने भेट म्हणून पाठवल्या. हे सामान पेट्यांमधून आले आणि पैशाअभावी काही वर्षे तसेच पडून राहिले. अखेर १९९८ साली चहाखाना उघडला. मध्य आशियाच्या कारागिरांचे हातकाम पाहायला लोक आज तेथे येतात आणि चहा घेतात. शेजारी, हंगामात शनिवारी त्याच रस्त्यावर वाहने बंद करून शेतकऱ्यांचा बाजार भरतो.

दुसरी बाजू

आता नुकसानीच्या बाजूला येऊ. पेठ चालली की भाडे चढते. पर्ल स्ट्रीटवर तेच झाले. जुन्या स्थानिक दुकानांपैकी काहींना वाढलेले भाडे झेपले नाही आणि त्या जागी देशभर शाखा असलेल्या मोठ्या कंपन्यांची दुकाने आली. ज्याची जागा स्वतःची होती तो तरला. भाडेकरूची कसोटी लागली. दुसरे असे की गाव पसरू दिले नाही म्हणून घरांच्या किमती भडकल्या. दुकानात काम करणारा माणूस त्याच गावात राहू शकत नाही. रोज हजारो लोक आसपासच्या गावांतून कामाला येतात, आणि त्यांतले बरेच गाडीनेच. म्हणजे मध्यवस्तीतली गर्दी हटली, पण गावाच्या वेशीवरचे रस्ते तुंबले.

तिसरा अनुभव अगदी अलीकडचा आहे. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात पर्ल स्ट्रीटच्या पश्चिमेकडचा आणखी थोडा भाग बंद करून खाणावळींना रस्त्यावर टेबले मांडू दिली. सप्टेंबर २०२२ मध्ये तो भाग पुन्हा वाहनांना खुला केला. पुष्कळांना तो बंदच हवा होता, तर काहींना गाड्या परत हव्या होत्या. ४५ वर्षांचा अनुभव गाठीशी असलेल्या गावातही दोन मते पडतात, ही गोष्ट लक्षात ठेवावी. खाणावळीला जे मानवते ते फर्निचरच्या किंवा हार्डवेअरच्या दुकानाला मानवेलच असे नाही. जड माल विकणाऱ्याला गाडी दारापर्यंत लागते.

आपण काय करावे

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर २०२१ पासून दर वर्षी ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळला जातो आणि रस्त्याचा काही भाग त्या दिवशी वाहनांना बंद असतो. विद्येचे माहेरघर म्हणवणाऱ्या शहरात हा विषय पुढेही निघणार आणि इतर शहरांतही निघणार. तेव्हा नुसते ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्यापूर्वी आमच्या व्यापारी बंधूंनी चार कामे करावीत, असे आम्ही सुचवतो.

पहिले, एक आठवडा वही घेऊन बसावे. दुकानात येऊन खरोखर खरेदी करणारा प्रत्येक जण कसा आला, पायी, बसने, रिक्षाने, दुचाकीने की मोटारीने, याची नोंद ठेवावी. आपला अंदाज आणि वहीतली नोंद यांत पुष्कळदा तफावत निघते. दुसरे, समोर दिवसभर उभ्या असलेल्या गाड्या कोणाच्या, ते मोजावे. त्यांत आपलीही गाडी असेल तर ती आधी हलवावी. तिसरे, माल उतरवण्याची वेळ व जागा, आणि हातगाडीवाल्यांची व्यवस्था, हे दोन्ही मुद्दे लेखी मागावेत. हातगाडीवाल्याला शत्रू समजू नये. त्याच्यापाशी थांबलेले गिऱ्हाईक आपल्याही दुकानाकडे पाहत असते. चौथे, पार्किंगचे शुल्क वसूल होणार असेल तर ते याच पेठेवर खर्च होईल असा ठराव करून घ्यावा आणि त्याच्या हिशेबात व्यापाऱ्यांचे प्रतिनिधी असावेत. भाडेकरू दुकानदारांनी याच वेळी आपले करारही तपासून घ्यावेत, कारण पेठ सुधारली की भाडेवाढीची पहिली नोटीस त्यांनाच येते.

ही नोंदवही हाती असेल तर नगरपालिकेच्या सभेत व्यापाऱ्याला ओरडावे लागणार नाही. वहीत मोटारीचे गिऱ्हाईक जास्त निघाले तर विरोधाला आधार मिळेल. पायी येणारे जास्त निघाले, तर रस्ता बंद करण्याची मागणी आपणच का करू नये, याचाही विचार करावा लागेल.